तळाचं घर

मे महिन्यात वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमधून फिरलं की बावखलांचं पाणी खाली गेलेलं दिसतं. गास, निर्मळ, वाघोली, नंदाखाल या गावांतल्या केळीच्या, पानवेलींच्या आणि फुलझाडांच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या या खणलेल्या गोड्या तळ्यांवर जगल्या. पूर्वी त्यांवर रहाट चालत. उन्हाळ्यात पाणी आटलं की तळातला गाळ उपसायचा आणि झाडांच्या मुळाशी घालायचा. बावखल खोल राहायचं आणि वाडीला खत मिळायचं. त्या गाळात हात घातला की बोटांमधून काहीतरी वळवळत निसटतं. कधी मुरी, कधी शिंगटी, दोन्ही तळाचे मासे. वरून पाणी रिकामं वाटत असतं, तेव्हाही तळाशी एक अख्खी वस्ती नांदत असते.

घरातल्या काचेच्या टाकीत अशी वस्ती कशी वसवायची, हे या प्रकरणात पाहू. आधी एक गैरसमज दूर करायला हवा. शोभेच्या माशांच्या दुकानात तळाच्या माशाची ओळख बहुतेक वेळा एकाच शब्दात करून दिली जाते: ‘क्लीनर’. वरच्या रंगीत माशांनी सांडलेलं खाणं आणि केलेली घाण हा साफ करील, म्हणून एखादा सोबत घेऊन जा, असं सांगतात. गिऱ्हाईक घेऊन जातं आणि काही महिन्यांत तो मासा उपाशी मरतो. टाकीत पाळला जाणारा कोणताही मासा दुसऱ्या माशाची विष्ठा खाऊन जगत नाही. तळाचा मासा साफसफाईला आलेला नसतो, तो तिथे राहायला आलेला असतो. म्हणून त्याच्यासाठी टाकी मांडताना प्रत्येक निर्णय खालून वर घ्यायचा: आधी जमीन, मग पाणी, मग आडोसा आणि शेवटी मासा.

तळासाठी घडलेलं शरीर

तळाच्या माशांचा एक मोठा गट म्हणजे कोरी. हा मासा काचेला चिकटून पाहण्यासारखा असतो. पोट सपाट, पाठ कमानदार, तोंड खालच्या बाजूला आणि तोंडाभोवती मिशा. या मिशांवर चव ओळखणाऱ्या कलिका असतात. गढूळ पाण्यात डोळे निरुपयोगी ठरतात, तिथे हा मासा मिशांनी जमीन चाचपतो. वाळूत तोंड खुपसतो, तोंडभर वाळू घेतो, त्यातलं खाण्यासारखं वेचतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांमधून सोडून देतो. तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या सुपासारखं हे काम दिवसभर चालू असतं.

कोरीच्या अंगावर खवल्यांऐवजी प्रत्येक बाजूला हाडांच्या तकटांच्या दोन रांगा असतात. ‘कोरिडोरास’ या ग्रीक नावाचा अर्थच शिरस्त्राणाची कातडी असा होतो. पाठीवरच्या आणि बाजूच्या परांना काटे असतात, ते जाळीत अडकतात आणि टोचले तर हात ठणकतो. म्हणून कोरीला जाळीने धरू नये, वाटीत किंवा डब्यात घ्यावं. मधूनच तो झपकन वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. ही हवा आतड्यात जाते आणि तिथल्या रक्तवाहिन्या तिच्यातला प्राणवायू शोषून घेतात. तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो, त्यावर निसर्गाने काढलेली ही तोड आहे. मात्र कोरी दर मिनिटाला वर येऊ लागला तर पाणी बिघडलंय असं समजावं.

लोच या दुसऱ्या मोठ्या गटातल्या माशांचं शरीर सापासारखं लांबट किंवा टॉर्पेडोसारखं असतं. त्यांतल्या बऱ्याच जातींच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो आणि भीती वाटली की तो बाहेर येतो. लोचचे खवले इतके बारीक असतात की कातडी उघडीच म्हणावी. त्यामुळे औषधं आणि मीठ त्यांना इतर माशांपेक्षा लवकर बाधतात. टाकीतला कोणताही मासा आजारी पडला की मूठभर खडेमीठ टाकण्याचा जो घरगुती उपाय सांगतात, तो लोच असलेल्या टाकीत करू नये.

कोणाला आणायचं

आपल्या हवेला आणि पाण्याला मानवणारा मासा निवडला की निम्मं काम होतं. वसई-विरारमध्ये उन्हाळ्यात घरातल्या टाकीचं पाणी ३० अंश सेल्सियसच्या वर सहज जातं. दिसायला सुंदर असला तरी पांडा कोरी थंड पाण्यातला, त्याला २५ अंशांच्या वरचं पाणी सोसत नाही. ब्राँझ कोरी चिवट असतो आणि नवशिक्याला सांभाळून घेतो. स्टेरबाई कोरी उष्ण पाण्याला सर्वांत सरावलेला, म्हणून किनाऱ्यावरच्या घरांसाठी तो उत्तम. ठिपक्याठिपक्यांचा पेपर्ड कोरी चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केला होता आणि लेनर्ड जेनिन्सने १८४२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यालाही गारवा आवडतो, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या तापणाऱ्या घरात तो नको. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी कोरिडोरास ही मोठी प्रजाती अनेक प्रजातींत विभागली, म्हणून नव्या पुस्तकांत यांची नावं वेगळी दिसतील. दुकानात मात्र ते कोरीच आहेत.

लोचमध्ये कुली लोच हा बोटभर लांबीचा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, गांडुळासारखा मासा. जावा बेटावर वयाच्या २३व्या वर्षी, १८२१ मध्ये वारलेल्या हाइनरिख कूल या तरुण निसर्गअभ्यासकाचं नाव त्याला दिलेलं आहे. कुली उष्ण पाण्यात मजेत राहतो, दिवसा लपतो, रात्री फिरतो. टाकीला झाकण नसेल तर सकाळी तो जमिनीवर सापडतो.

कोरी आणि कुली एकेकटे आणू नयेत. हे कळपात राहणारे मासे आहेत. एका जातीचे किमान सहा आणले तरच ते मोकळेपणाने वावरतात. चार जातींचा एकेक कोरी आणण्यापेक्षा एकाच जातीचे सहा आणा. एकटा कोरी कोपऱ्यात बसून राहतो आणि मालक म्हणतो, मासा सुस्त आहे.

सकर माशाविषयी

काचेला तोंड चिकटवून बसणारा, दुकानात ‘सकर’ म्हणून मिळणारा काळपट मासा विकताना दोन इंचांचा असतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि पूर्ण वाढला की ४० ते ५० सेंटिमीटरचा होतो. दोन-तीन फुटांच्या टाकीत त्याला वळताही येत नाही. मग घरचे लोक दया येऊन त्याला जवळच्या तळ्यात सोडतात आणि खरा अनर्थ तिथून सुरू होतो.

सकर काठाच्या मातीत खोल बिळं करतो, त्यामुळे काठ ढासळतात. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी हवा गिळून तगतो. त्याच्या काटेरी चिलखताने मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नसतो. भीमा नदीवरच्या उजनी जलाशयातल्या मच्छीमारांनी हा त्रास भोगला आहे. नदीच्या मानाने बावखल केवढंसं. वसईच्या एखाद्या बावखलात सकर रुजला तर तिथल्या मुरी आणि शिंगट्यांना जायला दुसरी जागा नाही.

असा धडा आपल्याला आधीही मिळाला आहे. थाई मांगूर नावाने वाढवल्या जाणाऱ्या आफ्रिकी मांगूरवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, कारण तो स्थानिक मासे फस्त करतो. तोही तळाचाच मासा.

काचेवरचं शेवाळ खाणारा मासा हवाच असेल तर ब्रिस्टलनोज घ्या. तो १२-१३ सेंटिमीटरवर थांबतो. त्याला रोज भाजी लागते आणि किसायला लाकडाचा तुकडा लागतो. तोही सफाईसाठी आणायचा नाही, पाळायला आणायचा.

उंची कमी, जमीन जास्त

दुकानातली तयार टाकी उंच आणि अरुंद असते, कारण ती दिवाणखान्यात उठून दिसते. तळाच्या माशाला उंचीचा उपयोग नाही. समजा, एक टाकी ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. दुसरी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. दोन्हींत पाणी सारखंच मावतं. पहिलीची जमीन मात्र पावणेचार चौरस फूट भरते आणि दुसरीची साडेचार. तेवढ्याच पाण्यात २० टक्के जास्त अंगण मिळतं. पाणी उथळ असल्यामुळे तळापर्यंत हवाही लवकर पोचते. काचकामवाल्याला ही मापं सांगितली तर तो टाकी बांधून देतो. या मापाला ८ मिलिमीटरची काच घ्यावी.

अशा टाकीत फूटभर पाणी भरलं तर ते सुमारे १२७ लिटर होतं, म्हणजे १२७ किलो. वाळू, काच आणि दगड धरून वजन पावणेदोनशे किलोंच्या पुढे जातं. लोखंडी स्टँड भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवा. गॅलरीच्या बाहेर काढलेल्या भागावर टाकी ठेवू नका. टाकीखाली थर्मोकोलचा पत्रा घाला आणि गवंड्याच्या लेव्हलने चारही कोपरे तपासा. थेट ऊन येणारी खिडकी टाळा.

वाळू हीच जमीन

रंगीत खडे आणि टोकदार गिट्टी कोरीच्या मिशांचा नाश करतात. माझ्या पहिल्या टाकीत मी पांढरी चकचकीत गिट्टी घातली होती. सहा महिन्यांत कोरींच्या मिशा झिजून गेल्या. धारदार कडांनी मिशांना जखमा होतात आणि खड्यांच्या फटींत कुजलेल्या अन्नातले जंतू त्या जखमा वाढवतात. मिशा गेलेला मासा खाणं शोधू शकत नाही.

हवी ती नदीची बारीक, गोल कणांची वाळू. कण अर्धा ते एक मिलिमीटरचे. बांधकामाच्या वाळूतून चाळणीने अशी वाळू निवडता येते. क्रशरची वाळू धारदार असते, ती नको. अर्नाळा, राजोडी किंवा कळंबच्या किनाऱ्यावरची वाळू तर मुळीच नको. तिच्यात मीठ असतं, शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो चुरा हळूहळू विरघळून पाणी जड करतो. शिवाय किनाऱ्याची वाळू किनाऱ्यावरच राहिली पाहिजे. आणलेल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आहे का हे पाहण्यासाठी चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेसाचे बुडबुडे आले तर ती वाळू बाजूला ठेवा.

साडेचार चौरस फुटांच्या तळावर दीड इंच थर द्यायला साधारण २५ किलो वाळू लागते. बादलीत घेऊन पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. दहा-बारा वेळा धुवावी लागते, कंटाळू नका. थर दीड-दोन इंचांपेक्षा जाड करू नका. जाड थराखाली हवा पोचत नाही आणि तिथे विषारी वायू साठतो. आठवड्यातून एकदा बोटांनी वाळू हलकेच ढवळावी. बाकी ढवळणं कोरी स्वतःच करतात.

आपलं पाणी ओळखा

वसई-विरार महापालिकेच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः सूर्या प्रकल्पाचं. त्याला उसगाव आणि पेल्हारच्या धरणांची जोड आहे. हे धरणात साठलेलं पावसाचं पाणी, म्हणून साधारण मऊ. पण अनेक इमारतींच्या टाकीत त्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी मिसळतं. समुद्राकडच्या भागात बोअरचं पाणी मचूळ लागतं. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांत पाणी वेगळं असू शकतं आणि एकाच सोसायटीत सोमवारचं आणि गुरुवारचंही वेगळं असू शकतं.

म्हणून टाकी घेण्याआधी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घ्या आणि पंधरा दिवस रोज नळाचं पाणी मोजून वहीत लिहा. आकडा १०० ते ३०० च्या दरम्यान राहिला तर कोरी आणि कुली दोघांनाही चालतो. ५०० च्या पुढे जात असेल तर पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळून तो खाली आणा. नुसतं आरओचं पाणी भरू नका, त्यात माशाला लागणारे क्षार उरत नाहीत. आणि ज्या दिवशी टँकर आला, त्या दिवशी पाणी बदलू नका. जातीनुसार नेमका आकडा गाठण्यापेक्षा आकडा स्थिर ठेवणं महत्त्वाचं आहे.

पालिकेच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाशी ते किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उरायला हवं. माणसाला ते हितकर, पण माशाच्या कल्ल्यांना जाळणारं. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा आणि त्यात एअर पंपाचा दगड सोडा, किंवा दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट सांगितलेल्या प्रमाणात घाला.

टाकीला विरजण लावा

सर्वाधिक मासे पहिल्या महिन्यात मरतात आणि मालकाला कारण कळत नाही, कारण पाणी तर नितळ दिसत असतं. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. नदीत आणि बावखलात काही जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ जहाल, तिसरा बराच सौम्य. रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. शेतातलं खत पिकाच्या उपयोगी पडण्यातही त्यांचा मोठा वाटा असतो.

नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. दुधाचं दही व्हायला विरजण आणि वेळ लागतो, तसंच हे. टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि माशांऐवजी रोज चिमूटभर खाणं टाका. ते कुजतं, अमोनिया तयार होतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. याला ४ ते ६ आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये पिळा. हेच खरं विरजण, काम निम्म्या वेळात होतं. टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार झाली.

यापुढे स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने सगळे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलके पिळायचा. एअर पंपावर चालणारे दोन स्पंज फिल्टर या टाकीला पुरतात. त्यांत कुली अडकत नाही आणि बुडबुड्यांनी तळाचं पाणी सतत वर येत राहतं.

आडोसा परसातला

आडोसा नसेल तर तळाचा मासा लपून राहतो आणि भरपूर आडोसा असेल तर बाहेर येतो. जवळ आसरा आहे, हे ठाऊक असेल तरच त्याला मोकळ्यावर फिरण्याचं धाडस होतं.

त्यासाठी प्लास्टिकचे किल्ले आणि हाडांचे सापळे नकोत. नारळाची करवंटी अर्धी करून, कडा घासून, तासभर उकळून वाळूवर पालथी घाला. जुन्या घराची नळीची कौलं मिळाली तर उत्तम. ब्रशने घासून एकावर एक रचली की कुलीला गल्ल्या मिळतात. जड दगड ठेवायचा तर आधी थेट काचेवर बसवा आणि मग भोवती वाळू घाला. नाहीतर मासे खाली उकरतात आणि दगड त्यांच्यावर बसतो.

रस्त्याकडेला गळणारी देशी बदामाची पानं जगभरच्या मत्स्यपालकांना विकत घ्यावी लागतात. आपल्याकडे ती पायाखाली पडलेली असतात. झाडावरून आपोआप गळलेली, पूर्ण वाळलेली, डाग आणि किडे नसलेली पानं धुऊन दोन-तीन टाका. पाणी चहासारखं होतं आणि त्यातले द्रव्यांश बुरशीला आवर घालतात. कोरी त्या पानांखाली खाणं शोधत राहतात.

वनस्पतींमध्ये जावा फर्न आणि अनुबियास दगडाला दोऱ्याने बांधून वाढवता येतात, त्यांची मुळं उकरली जात नाहीत. क्रिप्टोकोरायनी वाळूत लावतात. तिच्या काही जाती कोकणातल्या ओढ्यांमध्ये आणि पाणथळ जागांत आपोआप उगवतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

मासे घरी येतात

वसई-विरारच्या हौशी लोकांची मोठी खरेदी मुंबईत होते. क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथला बराच माल कोलकाता आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागातल्या पैदासकारांकडून येतो. म्हणजे मासा आधीच लांबचा प्रवास करून थकलेला असतो. ज्या दिवशी माल आला त्या दिवशी घेऊ नका. आठवडाभर दुकानात टिकलेला, पोट भरलेलं, मिशा शाबूत, श्वास संथ असा मासा निवडा. दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगा.

कुर्ल्याहून निघून दादरला विरार लोकल पकडायची तर सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत या, संध्याकाळच्या गर्दीत पिशवी घेऊन चढू नका. ऑक्सिजन भरलेली पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळा, अंधारात मासा शांत राहतो. घरी पिशवी १५-२० मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग दर पाच मिनिटांनी पेलाभर टाकीचं पाणी पिशवीत घाला. तासाभराने मासे वाटीत घेऊन सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. दिवा बंद ठेवा आणि त्या दिवशी खाणं देऊ नका.

त्यांच्या वाट्याचं खाणं

टाकीत वरच्या थरातले मासे असतील तर तळापर्यंत काही पोचत नाही. म्हणून खाणं दोनदा द्यावं. वरच्यांना संध्याकाळी दिवा असताना आणि तळाच्यांना दिवा बंद केल्यावर अर्ध्या तासाने, बुडणाऱ्या गोळ्या. सहा कोरींना दोन-तीन गोळ्या पुरतात. सकाळी वाळूवर उरलेलं दिसलं तर कमी करा. आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म द्या. गटारातून गोळा केलेले जिवंत ट्युबिफेक्स देऊ नका, त्यांच्यासोबत रोगही येतात. ब्रिस्टलनोज असेल तर काकडीची किंवा दुधीची चकती उकडून, काट्याला टोचून बुडवा आणि सकाळी काढून घ्या. आठवड्यातून एक दिवस उपास, तोही माशांना मानवतो.

दर आठवड्याला टाकीतलं पाव पाणी बदला. नळीने तळावरचा काळपट थर ओढून घ्या. बावखलाचा गाळ वाडीला जातो, तसं हे पाणी कुंड्यांना घाला. त्यातलं नायट्रेट झाडांचं खाद्य आहे.

उन्हाळा आणि वीज

पाणी जितकं तापतं तितका त्यातला प्राणवायू कमी होतो. २५ अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. उष्णतेत माशाला मात्र तो जास्त लागतो. एप्रिल-मेमध्ये झाकणाला जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारील असा ठेवा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कमी झालेलं पाणी भरत राहा. एकदम बर्फ टाकू नका.

जुलै २०१८ च्या पुरात वसईतल्या कित्येक भागांत वीज नव्हती. अशा वेळी तळाच्या पाण्यातला प्राणवायू सर्वांत आधी संपतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावाच. तो नसेल तर तांब्याने पाणी उचलून फूटभर उंचीवरून परत ओतत राहा. वीज नसताना खाणं देऊ नका. सुदृढ मासा चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो.

पहिला पाऊस

पालघर जिल्ह्यातल्या खेड्यांत पहिल्या दमदार पावसानंतर वलगणीचे मासे चढतात. ओढ्याच्या, शेताच्या पाण्यातून मुरी, शिंगट्या प्रवाहाविरुद्ध वर निघतात, अंडी घालण्यासाठी. दक्षिण अमेरिकेतला कोरीही पावसाची अशीच वाट पाहतो. जून महिन्यात बाहेर पाऊस पडत असताना टाकीतलं एक तृतीयांश पाणी दोन-तीन अंश गार पाण्याने बदला. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी काचेवर साबुदाण्यासारखी अंडी चिकटलेली दिसतात. ब्राँझ कोरीची मादी नराचं शुक्रद्रव्य गिळते आणि ते तिच्या आतड्यातून बाहेर पडून अंडी फळतात, हे जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं. अंडी बोटाने अलगद सोडवून वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर मोठे मासे ती खातात.

आपल्या तळाचे रहिवासी

हे सगळं शिकल्यावर परक्या माशांकडून नजर घराकडे वळावी, अशी माझी इच्छा आहे. जगभरच्या टाक्यांत मिरवणारा झेब्रा लोच आपल्या पश्चिम घाटाचा. कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांत तो राहतो आणि आज धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. तो विकत घेताना पैदास केलेला आहे की नदीतून पकडलेला, हे विचारा. खात्रीचं उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात राहणाऱ्या लहानशा लोचचं वर्णन २०२० मध्ये झालं आणि त्याच्या रक्षणासाठी २०२१ मध्ये राज्य सरकारने त्या परिसराला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. तळाच्या एका छोट्या माशासाठी महाराष्ट्राने हे केलं आहे.

तुंगारेश्वरच्या ओढ्यात दगडाखाली मासा दिसला तर पाहा, आणू नका. तो अभयारण्याचा आहे. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटीही तिथेच शोभते. मुलांना मात्र तिथे जरूर न्या. टाकीतल्या कोरीने वाळू चाळताना त्यांनी पाहिलेलं असेल, तर बावखलातली मुरी त्यांना सहज ओळखू येईल.

आणि कधी टाकी बंद करावी लागली, बदली झाली, घर बदललं, तर मासे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाच्या हवाली करा. ते बावखलात, पेल्हारच्या तलावात, सूर्या-वैतरणेच्या पात्रात, कुठेही सोडू नका. तिथला तळ रिकामा नाही, तिथे आधीच कुणाचं तरी घर आहे.